मायना चुकलेला खलिता

१४ जुलै १७७६ रोजी न्यूयॉर्कच्या बंदरात पांढरे निशाण लावलेली एक होडी किनाऱ्याकडे निघाली. होडीत ब्रिटिश आरमाराचा एक लेफ्टनंट होता आणि त्याच्याजवळ ॲडमिरल लॉर्ड रिचर्ड हाउ यांचे पत्र होते. दोनच दिवसांपूर्वी हाउ विलायतेहून येऊन पोहोचले होते. एका हाताने आरमार चालवायचे आणि दुसऱ्या हाताने बंडखोर वसाहतींशी सलोखा घडवायचा, अशी दुहेरी कामगिरी त्यांच्यावर होती. समोरून अमेरिकन अधिकाऱ्यांची होडी आली. तिच्यात जनरल वॉशिंग्टन यांचे विश्वासू जोसेफ रीड होते. पत्र कोणासाठी आहे, असे त्यांनी विचारले. वर लिहिले होते, ‘जॉर्ज वॉशिंग्टन, एस्क्वायर’. कुठल्याही खात्यापित्या जमीनदाराच्या नावामागे लागते ती ही उपाधी. जनरल नाही, सेनापती नाही. या पत्त्याचा कोणी माणूस आमच्या सैन्यात नाही, असे सांगून रीड यांनी पत्र हातातही घेतले नाही. पुढच्या खेपेला ‘एस्क्वायर’च्या पुढे ‘इत्यादी, इत्यादी’ असे जोडून पत्र आले, तेही परत गेले. शेवटी २० जुलैला लेफ्टनंट कर्नल पॅटरसन स्वतः वॉशिंग्टनना भेटायला आले. ‘इत्यादी’मध्ये सारे काही येते, अशी त्यांनी समजूत घातली. त्यात सारे काही येते तसे काहीही येऊ शकते, असे वॉशिंग्टन म्हणाले. मग माफीचा विषय निघाला, तेव्हा ज्यांनी अपराध केलेला नाही त्यांना माफीची गरज नाही, एवढे त्यांनी सांगितले आणि भेट संपली.

मराठी वाचकाला हा प्रसंग समजावून सांगावा लागू नये. आपल्याकडे पत्राचा मायना हा मजकुराइतकाच महत्त्वाचा मानला जाई. ‘श्रीमंत’ कोणाला, ‘राजश्री’ कोणाला, ‘चिरंजीव’ कोणाला लिहायचे याचे नियम ठरलेले होते, आणि लिहिणारा आपल्याला कोणत्या पायरीवर उभे करतो हे वाचणारा पहिल्याच ओळीत ओळखत असे. याच जुन्या व्यवहारातले आणखी दोन शब्द इथे कामाला येतात, कौल आणि तह. सरकार रयतेला कौल देते. गावात परत या, जमिनी कसा, तुम्हाला उपद्रव होणार नाही, असे त्यात आश्वासन असते, आणि ते देणाऱ्याच्या मर्जीवर उभे असते. तह दोन सत्तांमध्ये होतो. त्याला कलमे असतात, वकील असतात, कधी जामीनही असतो, आणि तो मोडला तर मोडणाऱ्याला जाब विचारता येतो. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २०२६ साली अडीचशे वर्षे पूर्ण होतात. त्या निमित्ताने लढायांबद्दल पुष्कळ लिहिले जाईल. माझ्या मते त्या युद्धातला खरा धडा ब्रिटनने पाठवलेल्या शांततेच्या प्रस्तावांत आहे. ते प्रस्ताव फसले, कारण लंडन दर वेळी कौल देत राहिले आणि समोरच्यांना तह हवा होता.

याबद्दल रूढ समज वेगळा आहे. ब्रिटनने दिले ते थोडे दिले आणि उशिरा दिले, म्हणून वसाहती हातच्या गेल्या, असे सर्रास सांगितले जाते. त्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? पण थोडे आणि उशिरा हेच खरे कारण असते, तर १७६६ मध्येच भांडण मिटायला हवे होते. त्या वेळी ब्रिटनने पूर्ण दिले होते आणि वेळेवर दिले होते. कागदपत्रांवर, वर्तमानपत्रांवर, पत्त्यांच्या जोडावरसुद्धा कर बसवणारा १७६५ चा स्टॅम्प कायदा वसाहतींच्या विरोधामुळे वर्षभरात रद्द झाला. बॉस्टनपासून चार्ल्सटनपर्यंत लोकांनी आनंद केला. पण १८ मार्च १७६६ या दिवशी, ज्या दिवशी रद्द करण्याच्या विधेयकावर राजाची मोहोर उठली, त्याच दिवशी आणखी एक कायदा मंजूर झाला. वसाहतींना कोणत्याही बाबतीत बांधील करणारे कायदे करण्याचा पार्लमेंटला पूर्ण अधिकार आहे, असे त्यात नमूद होते. कर गेला, पण तो परत बसवण्याचा हक्क कागदावर कोरून ठेवला गेला. हा शुद्ध कौल होता. आज देतो, उद्या काढून घेऊ शकतो. १७६७ मध्ये काच, रंग, कागद, चहा यांवर नवे कर आलेच. १७७० मध्ये तेही उठले, फक्त चहावरचा राहिला, आणि तो मुद्दाम ठेवला गेला, हक्क सुटू नये म्हणून. डिसेंबर १७७३ मध्ये बॉस्टनच्या बंदरात ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात पडल्या, तेव्हा त्या चहाच्या किमतीवरून भांडण नव्हते. उलट त्या वर्षीच्या कायद्याने तो चहा स्वस्त झाला होता. स्वस्त चहा प्यायचा म्हणजे कर बसवण्याचा हक्क घोटाघोटाने मान्य करायचा, हे लोकांना समजले होते.

लॉर्ड नॉर्थ यांचा २७ फेब्रुवारी १७७५ चा ठराव हा सलोख्याचा पहिला रीतसर प्रस्ताव. पंतप्रधान नॉर्थ हे रक्तपिपासू गृहस्थ नव्हते. त्यांना भांडण मिटायला हवे होते, आणि ठरावाचा मजकूर वरवर पाहता समजूतदारपणाचा आहे. जी वसाहत सामाईक संरक्षणाचा आपला वाटा आणि आपल्या मुलकी कारभाराचा खर्च स्वतः उभा करील, तिच्यावर व्यापार-नियमनाचा जकाती भाग सोडून पार्लमेंट कर लादणार नाही, असे त्यात म्हटले होते. मात्र किती रक्कम पुरे, हे पार्लमेंट ठरवणार होते. आणि प्रस्ताव गेला तो प्रत्येक गव्हर्नरमार्फत प्रत्येक वसाहतीच्या विधिमंडळाकडे, सुटा सुटा. आदल्या सप्टेंबरमध्ये फिलाडेल्फियात वसाहतींची सामाईक काँग्रेस भरली होती, तिने आपले म्हणणे राजाकडे पाठवले होते, आणि ठरावात तिचे नावही नव्हते. एडमंड बर्क यांनी पार्लमेंटमध्येच या योजनेतले मर्म उघड केले. वसाहतींनी एकमेकींवर चढाओढीने बोली लावून आपली सुटका विकत घ्यावी, अशी ही लिलावातली खंडणी आहे, असा त्यांचा आक्षेप होता. २२ मार्चच्या त्यांच्या प्रदीर्घ भाषणानंतर मत पडले ते त्यांच्या विरोधात, २७० विरुद्ध ७८. सुमारे आठवड्याभराने न्यू इंग्लंडच्या वसाहतींचा व्यापार आवळणारा आणि न्यूफाउंडलंडजवळची त्यांची मासेमारी बंद करणारा कायदा मंजूर झाला. किनाऱ्यावरच्या ज्या गावांची चूल कॉड माशावर पेटत होती, त्यांच्याकडे सलोख्याचा ठराव आणि उपासमारीचा कायदा जवळपास एकाच वेळी पोहोचला. आणि ते दोन्ही पोहोचेपर्यंत लेक्सिंग्टनमध्ये युद्धाची पहिली गोळी सुटलेली होती.

काँग्रेसने ३१ जुलै १७७५ रोजी नॉर्थ यांचा ठराव नाकारला. ते उत्तर लिहिणाऱ्यांत टॉमस जेफरसन, जॉन ॲडम्स आणि बेंजामिन फ्रँकलिन होते. त्यांचा मुख्य आक्षेप असा, की वाद फक्त कर गोळा करण्याच्या पद्धतीचा आहे आणि ब्रिटनने ती पद्धत सोडून दिली, असा जगाचा समज करून देण्याचा हा प्रयत्न आहे. इथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. हीच काँग्रेस त्याच महिन्यात जॉन डिकिन्सन यांनी लिहिलेला अर्ज राजाकडे पाठवत होती. बंकर हिलची लढाई होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, तरी त्या अर्जात निष्ठेची भाषा आहे, जुने नाते पुन्हा जुळावे म्हणून विनंती आहे. आम्हाला स्वातंत्र्य हवे, असा एक शब्द त्यात नाही. तो अर्ज घेऊन रिचर्ड पेन लंडनला गेले. राजाने सिंहासनावरून तो स्वीकारायला नकार दिला, कारण ज्या काँग्रेसने तो पाठवला ती त्यांच्या लेखी अस्तित्वातच नव्हती. २३ ऑगस्टला वसाहती बंडखोर असल्याची घोषणा निघाली. त्या अर्जाला उत्तर न देण्याने जे नुकसान झाले, ते कोणत्याही लढाईतल्या पराभवापेक्षा मोठे होते असे मला वाटते. कारण अमेरिकेत समेटाची बाजू घेणारे डिकिन्सन यांच्यासारखे लोक त्या दिवशी आपल्याच माणसांपुढे खोटे पडले. त्यांच्याकडे दाखवायला काही उरले नाही.

‘त्यांना स्वातंत्र्यच हवे होते, बाकी सगळा देखावा होता,’ असे म्हणणाऱ्यांना डिसेंबर १७७५ चा कायदा वाचायला सांगावा. त्या कायद्याने तेराही वसाहतींशी व्यापार बंद झाला. त्यांची जहाजे आणि माल शत्रूचा समजून जप्त करायचा ठरला. आणि त्याच कायद्यात, त्याच शाईने, राजाने नेमलेल्या आयुक्तांना माफी देण्याचा अधिकारही दिलेला आहे. लॉर्ड हाउ आणि त्यांचे भाऊ जनरल विल्यम हाउ हे या कलमाखाली शांतिदूत झाले. जप्तीच्या कायद्याच्या पोटात जन्मलेले शांतिदूत! जॉन ॲडम्स यांनी हा कायदा वाचून लिहिले, की यालाच स्वातंत्र्याचा कायदा म्हणायला हवे, कारण यानेच तेरा वसाहतींना राजाच्या छत्राबाहेर ढकलले आहे. ॲडम्स स्वातंत्र्यवादी होते, त्यांना ते बोलायला हवेच होते, हे मान्य. पण पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, साउथ कॅरोलिना इथले प्रतिनिधी १७७६ च्या जूनपर्यंत स्वातंत्र्याच्या ठरावाला थांबवून धरत होते. २ जुलैला मतदान झाले तेव्हाही न्यूयॉर्क तटस्थ राहिले. अशा कुंपणावरच्या माणसांना पलीकडे ढकलण्याचे काम ॲडम्स यांच्या वक्तृत्वापेक्षा लंडनच्या कायद्यांनी अधिक केले.

११ सप्टेंबर १७७६ ची स्टेटन आयलंडवरची भेट हा या सगळ्या कथेचा गाभा आहे. ऑगस्टच्या अखेरीस लाँग आयलंडवर वॉशिंग्टन यांचा दारुण पराभव झाला होता. हाउ यांनी पकडलेल्या जनरल सलिव्हन यांच्याकरवी काँग्रेसला निरोप धाडला, की काँग्रेसचे काही सदस्य खासगी गृहस्थ म्हणून भेटीला यावेत. काँग्रेसने फ्रँकलिन, ॲडम्स आणि साउथ कॅरोलिनाचे तरुण प्रतिनिधी एडवर्ड रटलेज यांना पाठवले, पण काँग्रेसची समिती म्हणून. ओलीस म्हणून हाउ यांनी एक अधिकारी पलीकडे धाडला होता. त्याची गरज नाही असे म्हणून तिघे त्यालाच सोबत घेऊन आले. भेटीच्या घरात सैनिकांचा मुक्काम असल्याने ते घाण झाले होते. हाउ यांनी एका मोठ्या खोलीत शेवाळ आणि हिरव्या डहाळ्या पसरून ती बसण्याजोगी केली होती. थंड हॅम, जीभ, मटण, चांगला पाव आणि क्लॅरेट असे जेवण झाले, आणि मग सुमारे तीन तास बोलणे. हाउ मनापासून बोलले यात मला शंका नाही. त्यांचे थोरले भाऊ १७५८ मध्ये टायकॉन्डेरोगाजवळ पडले होते आणि मॅसॅच्युसेट्सने स्वतःच्या खर्चाने वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्यांचे स्मारक उभारले होते. ते ऋण त्यांनी बोलून दाखवले. अमेरिका पडली तर भाऊ गमावल्यासारखे दुःख होईल, असे ते म्हणाले. ते दुःख आपल्यावर येऊ नये म्हणून आम्ही पराकाष्ठा करू, असे फ्रँकलिन यांनी उत्तर दिले. पुढे अडले ते मायन्यापाशी. तुम्हाला मी काँग्रेसची समिती म्हणून मानू शकत नाही, असे हाउ म्हणाले. ॲडम्स म्हणाले, मला वाटेल त्या नात्याने माना, फक्त ब्रिटिश प्रजाजन म्हणून मानू नका. आणि विचारपूस केल्यावर उघड झाले, की हाउ यांच्याजवळ माफी देण्याचा अधिकार आहे, तक्रारी ऐकून राजाला कळवण्याचा अधिकार आहे, पण एकही कलम ठरवण्याचा अधिकार नाही. वसाहतींनी आधी शरण यावे, मग बोलू. चार दिवसांनी ब्रिटिश सैन्य मॅनहटनवर उतरले.

माफीचा मार्ग अगदीच निष्फळ होता असे मात्र म्हणता येणार नाही, आणि माझ्या म्हणण्याला हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे. ३० नोव्हेंबर १७७६ रोजी हाउ बंधूंनी जाहीर केले, की साठ दिवसांत राजनिष्ठेची शपथ घेणाऱ्याला पूर्ण अभय मिळेल. न्यू जर्सीत हजारो लोकांनी शपथ घेतली आणि अभयपत्रे नेली. वॉशिंग्टन यांचे सैन्य चिंध्या पांघरून डेलावेअर नदीपार पळाले होते. सामान्य शेतकऱ्याने हरणारी बाजू सोडली, यात त्याचा दोष काय? म्हणजे कौल चालत होता. पण मग त्याचे झाले काय ते पाहा. ब्रिटिश आणि जर्मन भाडोत्री सैनिकांनी हिवाळ्यात न्यू जर्सीची घरे लुटली, आणि दारात अभयपत्र धरून उभ्या राहिलेल्यांची घरेही लुटली. गुरे गेली, गवताच्या गंजी गेल्या, बायकांवर अत्याचार झाले. कागद दाखवला तर त्याची दाद कोणापुढे मागायची? ज्याने कागद दिला त्याच्याच सैनिकाविरुद्ध त्याच्याकडेच. कौलाचा दुबळेपणा इथे उघडा पडतो. तो देणाऱ्याच्या शिस्तीवर टिकतो, घेणाऱ्याच्या हाती त्याची एकही दोरी नसते. २६ डिसेंबरला ट्रेंटनची लढाई झाली आणि नंतरच्या आठवड्यांत तेच न्यू जर्सी ब्रिटिश तुकड्यांसाठी काट्यांचे रान झाले.

आता १७७८. ज्यांचा ‘थोडे दिले’ या कारणावर भर आहे त्यांनी या वर्षाचे उत्तर द्यायला हवे. आदल्या वर्षीच साराटोगाला जनरल बर्गॉइन यांचे सगळे सैन्य शरण आले होते, फ्रान्स युद्धात उतरण्याच्या बेतात आला, आणि नॉर्थ यांनी फेब्रुवारीत जे मांडले त्यात वसाहतींनी १७७४ मध्ये मागितलेले बहुतेक सारे होते. चहावरचा कर रद्द, मॅसॅच्युसेट्सची जुनी सनद मोडणारा कायदा रद्द, पार्लमेंट यापुढे महसुलासाठी कर बसवणार नाही असा कायदा. अर्ल ऑफ कार्लाइल, विल्यम ईडन आणि जॉर्ज जॉनस्टन असे तिघे आयुक्त जूनमध्ये फिलाडेल्फियात उतरले. विधिमंडळाच्या संमतीशिवाय सैन्य ठेवणार नाही, कर्ज फेडायला मदत करू, पार्लमेंटमध्ये प्रतिनिधी घेऊ, असे त्यांनी लिहिले. या वेळी मायनाही बदलला होता. पत्र काँग्रेसचे अध्यक्ष हेन्री लॉरेन्स यांच्या नावाने होते. तरीही काही झाले नाही. मग माझा मुद्दा कोसळतो का? मला तसे वाटत नाही. आयुक्तांनी काहीही ठरवले तरी त्याला पार्लमेंटची मंजुरी लागणार होती, आणि एका पार्लमेंटने केलेला कायदा दुसरे पार्लमेंट फिरवू शकते हे १७६६ पासून वसाहती अनुभवत होत्या. मायना बदलला, पण कागद कौलाचाच राहिला. दरम्यान ६ फेब्रुवारीला पॅरिसमध्ये फ्रान्सने अमेरिकेशी तह केला होता, दोन राष्ट्रांमध्ये होतो तसा, आणि काँग्रेसने ४ मे रोजी त्यावर शिक्कामोर्तबही केले होते. एका बाजूला पुष्कळ देणारा कौल, दुसऱ्या बाजूला जबाबदारीने बांधणारा तह. काँग्रेसने १७ जूनला उत्तर दिले, की स्वातंत्र्य स्पष्ट मान्य करा किंवा सैन्य आणि आरमार मागे घ्या, मग बोलू.

आणि नवा मायना किती वरवरचा होता ते पुढच्या काही आठवड्यांत दिसले. आयुक्त जमिनीवर पाय ठेवतात तोच त्यांना समजले, की सैन्याला फिलाडेल्फिया सोडण्याचा हुकूम मार्चमध्येच गेलेला आहे. निघताना त्यांना कोणी सांगितले नव्हते. १८ जूनला शहर रिकामे झाले आणि राजनिष्ठ कुटुंबे घरेदारे टाकून गलबतांवर चढली. त्यांतले जोसेफ गॅलोवे यांचे नाव घेतले पाहिजे. १७७४ मध्ये याच गॅलोवेंनी काँग्रेसपुढे एक योजना मांडली होती, की वसाहतींचे एक सामाईक विधिमंडळ असावे आणि ब्रिटिश पार्लमेंट व ते विधिमंडळ यांच्या परस्परसंमतीनेच कायदे व्हावेत. काँग्रेसने ती अवघ्या एका वसाहतीच्या मताने बाजूला ठेवली. राजाने वसाहतींच्या सामाईक व्यासपीठाला तेव्हाच मान्यता दिली असती, तर गॅलोवेंसारख्यांच्या हाती तोल आला असता. तो माणूस अखेर परागंदा झाला. इकडे जॉनस्टन यांनी जोसेफ रीड यांना दहा हजार गिनी आणि मोठी जागा मिळेल, असा निरोप मध्यस्थाकरवी पोहोचवला. हे तेच रीड, ज्यांनी दोन वर्षांपूर्वी ‘एस्क्वायर’ पत्र परत धाडले होते. मी विकत घेण्याच्या लायकीचा नाही, पण जसा आहे तसा विकत घेण्याइतका इंग्लंडचा राजा श्रीमंत नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. काँग्रेसने ऑगस्टमध्ये जॉनस्टन यांच्याशी सारे व्यवहार तोडले. ऑक्टोबरमध्ये आयुक्तांनी जाता जाता जाहीरनामा काढला तो पुन्हा सुट्या सुट्या वसाहतींना आणि सुट्या सुट्या माणसांना उद्देशून, आणि त्यात यापुढे युद्धाचे स्वरूप कठोर होईल अशी धमकीही होती.

कोणी म्हणेल, की कोणत्याही सरकारला बंडखोरांच्या सभेला मान्यता देणे परवडत नाही. मान्यता देणे म्हणजे अर्धे राज्य सोडणे, आणि जे अजून निष्ठावंत आहेत त्यांचा विश्वासघात करणे. हा आक्षेप हलका नाही. राजाशी एकनिष्ठ राहिलेल्या हजारो अमेरिकनांचे काय, हा प्रश्न लंडनमधल्या प्रत्येक प्रामाणिक माणसाला पडलाच असणार. पण मान्यता म्हणजे लगेच स्वातंत्र्य नव्हे. लॉर्ड चॅथम यांनी १ फेब्रुवारी १७७५ रोजी उमराव सभेत मांडलेल्या विधेयकात नेमकी ही मधली वाट होती. पार्लमेंटचे सार्वभौमत्व राखायचे, पण काँग्रेसला कायदेशीर मानायचे आणि तिच्याशीच करारमदार करायचा. ते विधेयक ६१ विरुद्ध ३२ मतांनी उडाले. ती वाट टिकली असती का, हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही, पण निष्ठावंतांना तिच्यात जागा होती. नंतर आलेल्या कोणत्याही प्रस्तावात ती तेवढी उरली नाही.

आणि हेच ब्रिटिश त्याच वर्षांत तह करायचे विसरले होते असेही नाही. पुणे दरबाराशी कंपनीचे युद्ध १७७५ मध्ये सुरू झाले ते जवळपास अमेरिकन युद्धाच्या बरोबरीने चालले. मुंबईकर इंग्रजांनी राघोबादादांशी केलेला सुरतेचा तह कलकत्त्याने झिडकारला, मग १७७६ चा पुरंदरचा तह मुंबईने पाळला नाही, १७७९ मध्ये वडगावला शरण येऊन लिहून दिलेले मुंबई आणि कलकत्ता दोघांनीही नाकारले. इतक्या वेळा तोंड पोळल्यावर १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला तेव्हा त्यात महादजी शिंदे दोन्ही पक्षांचे जामीन राहिले. कागदाला माणसाची आणि फौजेची हमी लागते, हे नाना फडणवीस आणि महादजी जाणून होते, आणि कंपनीचे गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज यांनीही ते मान्य केले. पुण्याच्या सत्तेशी बरोबरीने बसून कलमे ठरवण्यात कंपनीला कमीपणा वाटला नाही. फिलाडेल्फियातल्या इंग्रजी बोलणाऱ्या, इंग्रजी कायदा शिकलेल्या माणसांशी तसे बसणे मात्र राजाला जमेना, कारण ती आपली प्रजा आहे हे त्यांच्या मनातून जात नव्हते. परक्याला बरोबरी देणे सोपे, घरच्याला देणे अवघड.

यॉर्कटाउनच्या पराभवानंतर, मार्च १७८२ मध्ये नॉर्थ यांचे सरकार गेले, आणि रिचर्ड ऑस्वाल्ड हे म्हातारे व्यापारी पॅरिसला फ्रँकलिन यांच्याशी बोलायला गेले. त्यांच्या अधिकारपत्रात ‘वसाहतींशी’ बोलणी करावीत असे लिहिले होते. अमेरिकेच्या बाजूचे जॉन जे अडून बसले. ‘तेरा संयुक्त संस्थाने’ असे लिहून आणा, मगच पुढे. इथे माझ्या मताविरुद्ध खुद्द फ्रँकलिन उभे आहेत. आहे त्या अधिकारपत्राने काम भागेल असे त्यांना वाटत होते, आणि फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री वेर्जेन यांनाही शब्दासाठी खोळंबण्यात अर्थ दिसत नव्हता. खोळंब्याने अमेरिकेचे काही नुकसान झाले असेही इतिहासकार म्हणतात, कारण त्या काळात जिब्राल्टरला ब्रिटनने वेढा परतवला आणि लंडनचा सूर ताठ झाला. तरी मला जे यांचे म्हणणे पटते. इतकी वर्षे जो शब्द लिहायला ब्रिटन तयार नव्हते, तोच तर सगळ्या भांडणाचे मूळ होता. २१ सप्टेंबरला नवे अधिकारपत्र निघाले, आणि त्यानंतर फक्त दहा आठवड्यांत, ३० नोव्हेंबरला, कलमांचा मसुदा सही होऊन तयार होता. सीमा, मासेमारी, कर्जे, सगळे त्यात बसले. ज्या न्यूफाउंडलंडच्या पाण्यातून १७७५ मध्ये न्यू इंग्लंडच्या कोळ्यांना हुसकावले होते, तिथे त्यांना मासे धरू देण्याचे कलमही त्यात होते.

३ सप्टेंबर १७८३ च्या पॅरिसच्या तहात राजनिष्ठांच्या जप्त मालमत्तेबद्दल एक कलम आहे. काँग्रेस संस्थानांना ती परत करण्याची शिफारस करील, एवढेच त्यात म्हटले आहे, आणि बहुतेक संस्थानांनी ती शिफारस बासनात ठेवली. ज्यांच्यासाठी मान्यता नाकारली असे सांगितले गेले, त्यांना अखेर मिळाला तो एक कौलच. आणि ज्यांचे नाव तहात कुठेच नाही अशी आणखी काही राष्ट्रे होती. इरोक्वाय संघातल्या सहा राष्ट्रांपैकी मोहॉक, सेनेका, कायुगा आणि ऑनन्डागा राजाच्या बाजूने लढले होते. त्यांची गावे आणि मक्याची शेते १७७९ मध्ये जनरल सलिव्हन यांच्या सैन्याने जाळली होती. ज्या सलिव्हन यांच्या तोंडून तीन वर्षांपूर्वी हाउ यांनी सलोख्याचा निरोप धाडला होता, तेच हे सलिव्हन. आता ब्रिटनने या राष्ट्रांच्या भूमीसकट मिसिसिपीपर्यंतचा मुलूख अमेरिकेला लिहून दिला, त्यांच्यातल्या एकालाही न विचारता. १७८३ च्या मे महिन्यात नायगाराच्या किल्ल्यावरचे ब्रिटिश सेनाधिकारी ॲलन मॅक्लीन यांनी वरिष्ठांना कळवले, की ही माणसे म्हणतात, आम्ही राजाचे मित्र आहोत, त्याची प्रजा नाही, आणि आमची जमीन दुसऱ्याला देण्याचा त्याला कसलाही हक्क नाही.